लाल शेऱ्याचा माग

पहाटे साडेपाच

पत्र इंग्रजीत आहे, चार ओळींचं. प्रोबेशनच्या काळात कारण न देता नोकरी संपवण्याचा अधिकार नेमणूकपत्राच्या एका कलमाने कंपनीला दिलेला आहे, तो कंपनी वापरते आहे. लॅपटॉप आणि ओळखपत्र जमा करावं. हिशेब नंतर होईल. चौथी ओळ शुभेच्छांची. हे पत्र ज्याला आलं तो मुलगा आदिलाबादच्या बेला मंडलातल्या एका गावचा, कापूस पिकवणाऱ्या घरातला पहिला इंजिनिअर. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढचं सगळं शिक्षण हैदराबादला. गच्चीबावलीकडच्या कंपनीत लागून त्याचा पाचवा महिना सरत आला होता.

बाप-लेक काल संध्याकाळी कागदांची पिशवी माझ्याकडे ठेवून गेले. पहाटेचा वेळ मी अशा पिशव्यांसाठी राखून ठेवते, कारण एकदा साडेदहा वाजले की वकिलाचा दिवस कोर्टाचा होतो.

पत्रात कारण नाही, पण कारण आहे. फार विनवल्यावर कंपनीतल्या एचआरच्या बाईंनी मुलाला फोनवर तीन गोष्टी सांगितल्या होत्या. शाळेने त्याच्या शिक्षणाला दुजोरा दिला नाही. गावच्या पत्त्यावर तो सापडला नाही. आणि पीएफच्या नोंदीत तो अजून दुसरीकडे नोकरीला दिसतो. बॅकग्राउंड तपासणाऱ्या एजन्सीचे अहवाल रंगांत असतात: निर्वेध असेल तर हिरवा, खात्री झाली नसेल तर पिवळा, मोठी विसंगती असेल तर लाल. याचा लाल होता. अहवालाची प्रत मागितली तर ‘गोपनीय आहे’ असं उत्तर आलं. म्हणजे ज्या कागदामुळे नोकरी गेली, तो कागद ज्याची नोकरी गेली त्यानेच पाहिलेला नाही. माझं सगळं भांडण या एका गोष्टीशी आहे.

अशा प्रकरणात मी आधी कोऱ्या कागदावर तीन रकाने आखते. अहवाल काय म्हणतो, खरं काय आहे, आणि ते खरं कोणत्या कागदावरून दिसतं. मधला रकाना भरायच्या आधी मुलाला एकच प्रश्न विचारायचा असतो, तो मी काल विचारला होता: कुठे काही खोटं लिहिलं आहेस का? तो ‘नाही’ म्हणाला. पिशवी चाळताना मात्र त्याने भरून दिलेल्या पीएफच्या फॉर्म ११ ची प्रत हाती लागली. पूर्वी कधी भविष्य निर्वाह निधीचे सभासद होता का, असं त्यात विचारलेलं असतं. त्याने ‘नाही’वर खूण केलेली. तिसऱ्या शेऱ्याचं मूळ इथेच असणार. त्या खुणेभोवती मी पेन्सिलीने गोल काढला आणि आवरायला उठले.

सव्वासात

आदिलाबादच्या बसस्थानकात बेल्याची गाडी लागलेली. आधार कार्ड दाखवलं, कंडक्टरने शून्य रुपयाचं तिकीट फाडून दिलं. डिसेंबर २०२३ मध्ये महालक्ष्मी योजना सुरू झाल्यापासून तेलंगणात आरटीसीच्या साध्या बसमध्ये बायकांना तिकीट पडत नाही. या सवलतीमुळे मी माझ्या पक्षकारांच्या गावी जाऊ लागले. टेबलाशी बसून ऐकलेली हकीकत आणि गावात जाऊन पाहिलेली हकीकत यांत किती अंतर असतं, ते त्यानंतर कळत गेलं.

जैनदच्या अलीकडेपासूनच कापसाने भरलेल्या गाड्या शहराकडे निघालेल्या दिसतात. पलीकडे पैनगंगा, आणि तिच्या पलीकडे महाराष्ट्र. या पट्ट्यात घरात मराठी, शिवारात मराठी आणि कचेरीत तेलुगू असा रोजचा व्यवहार आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तुकडे पडले तेव्हा किनवट आणि राजुरा हे आदिलाबादचे तालुके आजच्या महाराष्ट्राच्या बाजूला गेले, बाकीचा जिल्हा आंध्रात राहिला. पुढे ऑक्टोबर २०१६ मध्ये तेलंगणा सरकारने जिल्ह्यांची फेरमांडणी केली आणि एका आदिलाबादचे आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. दहावीच्या मेमोवर, म्हणजे गुणपत्रिकेवर, एक जिल्हा आणि आधारवर दुसरा असलेली तरुण मुलं म्हणून इथे गावोगाव भेटतात. ती कुठेही हललेली नाहीत, जिल्हा हलला. हैदराबाद-बंगळुरात बसून पत्ता जुळवणाऱ्याला ते माहीत असायचं कारण नाही.

याहून अवघड माणसं आसिफाबादच्या केरामेरी मंडलाच्या कडेला राहतात. परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर ही गावं महाराष्ट्र आपल्या जिवती तालुक्यात धरतो आणि तेलंगणा आपल्यात. तिथे एकाच घरात दोन राज्यांची रेशनकार्डं असतात, मतदार याद्याही दोन. अशा गावातल्या मुलाच्या पत्त्याची तपासणी कोणत्या रंगात निघेल? दोन ओळखपत्रं सापडली की यंत्रणा त्याला लबाड समजणार, आणि लबाडी कुठे असलीच तर ती दोन राज्यांनी हा वाद मिटवायला लावलेल्या उशिरात आहे.

साडेआठ

मुलाच्या घराला कुलूप होतं. मी येणार हे ठाऊक असूनही सगळे शेतात गेले होते, कारण वेचणीच्या दिवसांत मजूर मिळाला की त्याला थांबवून ठेवता येत नाही. बाप धावत आला. ‘ताई, तो तपासाले आला तवा बी असंच होतं. कापूस फुटून राहिला, घरी कोन बसतो?’ शेजारच्या आजीला विचारलं. मोटारसायकलवर एक पोरगा आला होता, त्याने मोबाइलवर बघून कुणाचं तरी नाव विचारलं, ‘असा कोनी नाही इथं’ असं तिने सांगितलं. मुलाला गाव घरच्या नावाने ओळखतं. शाळेतलं नाव त्या आजीने कधी ऐकलेलंच नव्हतं, आणि तेलुगू वळणाने आडनाव आधी लावून विचारलेलं तर नाहीच नाही.

ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला, विजेचं बिल, घर क्रमांकाच्या पाटीसह घराचा फोटो. दुसऱ्या शेऱ्याचा तिसरा रकाना पाऊण तासात भरला. पाऊण तासात भरणारा रकाना होता तो. मुलाला वेळीच कुणी विचारलं असतं तर त्याने हेच तिन्ही कागद हैदराबादेत बसून मोबाइलवर मागवून दिले असते.

शाळा भरायच्या वेळेला मुख्याध्यापकांच्या खोलीत पोचले. सर मूळचे इथलेच, आपणहून कपाटातून जुनं प्रवेश रजिस्टर काढलं. वळणदार मराठी अक्षरांत मुलाचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, सगळं जागच्या जागी. घोटाळा पुढे होतो. त्याच्या नावात ‘ज्ञ’ आहे. मराठी शिक्षकांनी इंग्रजीत ते डी-एन-वाय असं लिहिलं. दहावीच्या मेमोवर तेलुगू उच्चाराप्रमाणे जी-एन झालं. आधार काढणाऱ्या माणसाने हिंदी वळणाने जी-वाय केलं. तीन कागदांवर तीन स्पेलिंगं, आणि संगणकाच्या लेखी तीन माणसं. शाळेने दुजोरा दिला नाही याचा अर्थ काय, तेही कळलं. एजन्सीने पत्र पाठवलं होतं ते शाळेच्या जुन्या ईमेलवर. तो पत्ता चालवणारे क्लार्क बदलीवर गेले, मग ते पत्र उघडणार कोण? मुदत संपली आणि ‘उत्तर नाही’ याचं अहवालात ‘दुजोरा नाही’ झालं. या दोन शब्दांतला फरक एका मुलाच्या पगाराएवढा आहे.

सरांनी बोनाफाईड लिहून दिलं, तिन्ही स्पेलिंगं एकाच विद्यार्थ्याची आहेत अशी ओळ खाली घातली, शिक्का मारला. ‘ताई, मराठी माध्यमाची मुलं आता राहिलीत तरी किती,’ असं म्हणून ते वर्गावर गेले. शाळा टिकली नाही तर या रजिस्टरांचं काय होईल, ही काळजी त्यांनाही असणार. मला आहे.

साडेअकरा

कोर्टाच्या आवारात दुसरा मुलगा वाट बघत होता. याची गोष्ट सरकारी नोकरीची. पोलिस शिपाई म्हणून निवड झाली आहे, हातात साक्षांकन फॉर्म आहे आणि एका प्रश्नाशी पेन अडलं आहे: तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का, खटला चालला का? गावात पोळ्याच्या दिवशी बैल पुढे कुणाचा यावरून हाणामारी झाली होती, तेव्हा हा एकोणीस वर्षांचा. जुन्या दंड संहितेच्या ३२३ खाली सात-आठ जणांची नावं गेली, त्यात याचंही. लोकअदालतीत दोन्ही बाजूंनी समेट केला आणि प्रकरण मिटलं. त्याचे मामा म्हणतात, मिटलेलं कशाला उकरायचं, ‘नाही’ लिही.

या प्रश्नावर मी त्याला बिदरची हकीकत सांगते. बिदरही आपल्यासारखाच जुन्या निजामी राज्यातला जिल्हा. तिथल्या केंद्रीय विद्यालयात १९९७ च्या डिसेंबरात एक शारीरिक शिक्षणाचे शिक्षक रुजू झाले. पुढच्या वर्षी फॉर्म भरताना खटल्याविषयीच्या प्रश्नापुढे त्यांनी ‘नाही’ लिहिलं. त्यांच्यावर तेव्हा मारहाण, शिवीगाळ, धमकी अशा कलमांचा खटला चालू होता. पडताळणीत तो निघाला आणि एप्रिल १९९९ मध्ये, प्रोबेशनवर असतानाच, त्यांना काढलं. त्यांचं म्हणणं होतं की आपण हिंदी माध्यमातून शिकलो, फॉर्ममधले इंग्रजी कायद्याचे शब्द आपल्याला समजले नाहीत. पुढे सरकारने तो खटला मागेही घेतला. कर्नाटक उच्च न्यायालयाने शिक्षकाच्या बाजूने निकाल दिला. पण ‘केंद्रीय विद्यालय संघटन विरुद्ध राम रतन यादव’ या प्रकरणात २००३ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. बी.एड., एम.एड. झालेल्या माणसाला प्रश्न कळला नाही हे न्यायालयाला पटलं नाही. गुन्हा किती लहान किंवा मोठा याहीपेक्षा, मुलांना शिकवणाऱ्याने माहिती दडवली हे न्यायालयाने महत्त्वाचं धरलं.

तो निकाल मला आजही कठोर वाटतो. परक्या भाषेतला फॉर्म भरताना माणूस अंदाजाने खुणा करतो, हे मी रोज बघते. डिग्री असली म्हणजे कायद्याची इंग्रजी येते असं नाही. पुढच्या वर्षांत सर्वोच्च न्यायालयाच्याच वेगवेगळ्या पीठांनी उलटसुलट निकाल दिले, आणि अखेर तीन न्यायमूर्तींच्या पीठाने जुलै २०१६ मध्ये ‘अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात सगळं एकदा सुसूत्र लावलं. माहिती खरी द्यायचीच. खरी दिली तरी पूर्वेतिहासाचा विचार करण्याचा मालकाचा हक्क उरतो. पण तरुण वयातल्या घोषणाबाजीसारख्या क्षुल्लक प्रकरणाकडे, ते दडवलेलं असलं तरी, मालक काणाडोळा करू शकतो. फॉर्ममधला प्रश्न नेमका असला पाहिजे, आणि जे नेमकं विचारलं तेवढंच सांगणं बंधनकारक. शिवाय दडवल्याचा ठपका ठेवायचा तर त्या माणसाला ती गोष्ट माहीत होती, हे दिसलं पाहिजे.

‘म्हणजे हो लिहू?’ मुलाने विचारलं.

‘हो लिही. गुन्हा क्रमांक लिही, लोकअदालतीच्या निवाड्याची सही-शिक्क्याची प्रत जोड. नोकरी मिळेलच याची हमी मी देत नाही. पण खरं लिहून नाकारलं तर तुझ्यासाठी हायकोर्टात उभं राहता येईल. खोटं लिहून घेतलेली नोकरी वर्षभराने गेली तर मला तोंड उघडायला जागा नसेल.’

प्रतीसाठीचा अर्ज त्याच्याकडून लिहून घेतला. मग दोन दिवाणी तारखा, एक पोटगीचा अर्ज. त्यांच्यात दीड कसा वाजला कळलं नाही.

दोनच्या सुमारास

कोर्टासमोरच्या टपरीवर चहाला आलेल्या एका तरुणाने नमस्कार केला. तोंडओळखीचा आहे. बँकांसाठी, कंपन्यांसाठी पत्ते तपासायचं काम करतो. बेल्याकडचं काम कोण बघतं विचारलं, तर तोच. कुलूपबंद घर त्याला आठवत होतं.

सकाळपासून त्याच्यावर रागावलेली मी त्याच्याशी बोलल्यावर मवाळ झाले. पदवीधर आहे. पत्त्यामागे पैसे मिळतात, त्यातच पेट्रोल. पत्ता ठरलेल्या मुदतीत तपासला नाही तर त्याचे पैसे कापले जातात. मोबाइलमधल्या ॲपवर जागेच्या नोंदीसह फोटो काढायचा आणि दिलेल्या पर्यायांतला एक निवडायचा: भेटला, घर बंद, शेजारी ओळखत नाहीत, पत्ता सापडला नाही. ‘मॅडम, वेचणीला गेलेत असं लिहायला तिथे जागाच नाही,’ तो म्हणाला. घर बंद आणि शेजारी ओळखत नाहीत, या दोन खुणा एकत्र पडल्या की शेरा आपोआप वरच्या रंगात जातो. पुन्हा फेरी मारावी असं त्याला वाटलं तरी बंद झालेलं प्रकरण त्याच्याकडून उघडत नाही. फेरतपासणी कंपनीने मागवावी लागते. आणि कंपनी ती का मागवील? मुलाने हरकत घेतली तर. मुलगा हरकत कधी घेईल? अहवाल पाहिला तर.

त्याने एक कामाची गोष्ट सांगितली: फेरतपासणीचा अर्ज करताना ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर सरपंचाचा किंवा सचिवाचा फोन नंबर असला तर काम एका दिवसात होतं. सकाळच्या दाखल्यावर नंबर नव्हता. तिथूनच बापाला फोन लावला आणि नंबर टाकून दाखल्याचा नवा फोटो मागवला.

साडेतीन

आता तो पेन्सिलीचा गोल. मुलगा सोबत होता. मी फॉर्म ११ पुढे केला आणि म्हटलं, आठवून सांग, हैदराबादेत लागायच्या आधी कुठे काम केलंस? बराच वेळ गेला. मग म्हणाला, ‘जिनिंगवर एक सीझन वजनकाट्याच्या पावत्या केल्या होत्या ताई, पण ते काही जॉब नव्हतं.’

आदिलाबादच्या कापसाच्या धंद्यात ऑक्टोबरपासून उन्हाळा लागेपर्यंत जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात शेकडो तरुण असे हंगामी काम करतात. ठेकेदार आधार घेतो, कायद्याला धरून पीएफ भरतो, त्यासाठी यूएएन, म्हणजे सभासदाचा कायमचा पीएफ क्रमांक, काढतो. मुलाच्या हातात रोख येते आणि यूएएन नावाची गोष्ट निघाली आहे याचा त्याला पत्ताही नसतो. हंगाम संपतो, ठेकेदार वर्गणी थांबवतो, पण काम सोडल्याची तारीख टाकायची विसरतो. मग कागदोपत्री तो मुलगा वर्षानुवर्षं जिनिंगवरच कामाला. आधारशी यूएएन जोडलेला असल्यामुळे हैदराबादच्या कंपनीत नवं खातं उघडताना जुनं वर आलं. एकीकडे फॉर्मवर ‘पूर्वी सभासद नव्हतो’ ही सही, दुसरीकडे चालू दिसणारं खातं. लाल शेऱ्याला याहून काय लागतं?

हे खोटं बोलणं आहे का? मी मुलाला स्पष्ट सांगितलं की ती खूण चुकीची आहे आणि चूक त्याची आहे. कळत नसेल ते विचारून भरायचं. ज्या कामाचे पैसे घेतले ते काम होतंच, हंगामी असलं म्हणून ते नाहीसं होत नाही. पण माहीत असून दडवलं, असं मात्र नाही. बिदरच्या शिक्षकाला आपल्यावर खटला आहे हे ठाऊक होतं, याला आपल्या नावाने खातं आहे हेच ठाऊक नव्हतं. त्या दोघांना एकाच पारड्यात टाकणं अन्यायाचं आहे, आणि तो अन्याय टाळायला पाच मिनिटांचं संभाषण पुरलं असतं.

जिनिंगच्या आवारात ठेकेदाराचा माणूस भेटला. भांडायची तयारी करून गेले होते, गरज पडली नाही. त्याने रजिस्टर काढलं, शेवटचा पगार फेब्रुवारीचा निघाला, पासबुकात शेवटची वर्गणीही त्याच महिन्याची. पोर्टलवर काम सोडल्याची तारीख त्याने तिथल्या तिथे टाकली. २०२० पासून सभासदाला ही तारीख स्वतःही ऑनलाइन टाकता येते. अट एवढीच की शेवटची वर्गणी जमा झाल्याला दोन महिने झालेले हवेत आणि तारीख त्याच शेवटच्या महिन्यातली हवी. आधारला मोबाइल जोडलेला असला की झालं. हंगामी काम केलेल्या प्रत्येक मुलाने हे नोकरी शोधायच्या आधी करून घ्यावं. मुलाने पासबुक छापून घेतलं. कंपनीतली नोकरी जुलैतली, जिनिंगची फेब्रुवारीत संपलेली. दोन नोकऱ्या एका वेळी असल्याचा प्रश्नच उरला नाही.

साडेपाच

ऑफिसात बसून पत्र लिहायला घेतलं, आणि इथे मुलाला कडू तेही सांगावं लागलं.

सरकारी नोकर असता तर माझ्या हातात बरंच काही होतं. १९८१ च्या जूनमध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोलिस अकादमीत पावसाच्या सकाळी प्रशिक्षणार्थी कवायतीला उशिरा पोचले. त्यांना अनूप जैस्वाल नावाच्या प्रशिक्षणार्थ्याने फूस दिली असं ठरवून त्या वर्षअखेरीस जैस्वाल यांना सेवेतून कमी केलं. आदेश दिसायला साधा होता, ठपक्याचा शब्द त्यात नव्हता. जानेवारी १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेशाच्या मागे काय आहे ते बघितलं, ही चौकशीविना दिलेली शिक्षाच आहे असं म्हटलं आणि त्यांना परत घ्यायला लावलं. १९७४ च्या शमशेर सिंग प्रकरणापासून तत्त्व तेच आहे: शब्द कोणते वापरले यापेक्षा मूळ कारण काय ते बघा. १९८३ मध्ये मध्य प्रदेशातल्या रामशंकर रघुवंशी या शिक्षकाला अशाच तऱ्हेने न्याय मिळाला. त्यांना पोलिसांच्या अहवालावरून काढलं होतं, आणि त्या अहवालात त्यांच्या पूर्वीच्या राजकीय संबंधांशिवाय काही नव्हतं. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी तेलुगू मुलखातले.

पण ही सगळी ढाल राज्यघटनेच्या १४, १६ आणि ३११ या कलमांची, आणि ती सरकारला बांधते. खासगी कंपनी तिच्या बाहेर. आंध्रचा १९८८ चा दुकाने व आस्थापना कायदा तेलंगणात चालू राहिला. वाजवी कारणाशिवाय काढता येऊ नये अशी त्यातल्या ४७ व्या कलमाची तरतूद सलग सहा महिने नोकरी झालेल्यांसाठी आहे. याचे सहा झाले नाहीत. प्रोबेशन सहा महिन्यांचं ठेवण्यामागे हा हिशेब असतो का, ते कंपन्यांना ठाऊक. परिणाम मात्र तोच होतो.

कंपन्यांची बाजू मला कळत नाही असं नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात ॲक्सेंचरने भारतात जाहीर केलं की अस्तित्वात नसलेल्या कंपन्यांची अनुभवपत्रं देऊन शिरलेल्यांना आम्ही काढलं. अशी पत्रं विकणाऱ्यांना हैदराबादेत पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. माझ्याकडेही असा एक फोन आला होता, अमीरपेटेत विकत घेतलेलं दोन वर्षांच्या अनुभवाचं पत्र कसं तरी वाचवा म्हणून. मी नाही म्हटलं. त्या पत्रामुळे एखाद्या खऱ्या अनुभवाच्या मुलाची जागा गेलेली असते. तपासणी व्हावी, कडक व्हावी. माझी मागणी फक्त तपासणीनंतरच्या दोन-चार दिवसांची आहे.

अमेरिकेत ही मागणी कायद्यातच आहे. तिथल्या १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायद्यात १९९६ मध्ये दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीनुसार बाहेरच्या एजन्सीच्या अहवालावरून कुणाला नाकारायचं किंवा काढायचं असेल, तर मालकाने आधी त्याला अहवालाची प्रत आणि त्याच्या हक्कांची माहिती द्यावी लागते. त्या माणसाला चूक दाखवायला वेळ मिळतो, मगच निर्णय. हैदराबादच्या ज्या इमारतींतून अमेरिकेतल्या ग्राहकांचं काम होतं, त्याच इमारतींत आपल्या मुलांना ‘गोपनीय आहे’ असं उत्तर मिळतं. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमती देऊन दिलेल्या माहितीचं काय झालं ते विचारण्याचा आणि चुकीचं दुरुस्त करून घेण्याचा हक्क मान्य केला आहे. तपासणीच्या वेळी मुलाकडून संमतीपत्र सही करून घेतलं होतंच. तेच मी पत्रात पुढे केलं.

पत्रात चार मागण्या. अहवालाची पूर्ण प्रत द्या. सोबतचे कागद बघून तिन्ही मुद्द्यांची फेरतपासणी मागवा. फेरतपासणी निर्वेध निघाली तर सेवा समाप्तीचा फेरविचार करा. तो करायचा नसेल तर निदान एजन्सीच्या आणि कंपनीच्या नोंदीतला लाल शेरा काढा. फॉर्म ११ वरची खूण अनवधानाने चुकली, हे मुलाच्याच शब्दांत वेगळ्या पानावर लिहून घेतलं. चौथी मागणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ही कंपनी गेली तरी पुढची कंपनी याच नोंदी विचारणार.

रात्री साडेआठ

वडील संध्याकाळी ऑफिसात आल्यापासून गप्प बसले होते. ईमेल गेल्यावर त्यांनी विचारलं, ‘ताई, मंग नोकरी परत भेटल का?’

‘सांगता येत नाही काका. इथली भेटेलच असं मी म्हणणार नाही. पुढची अडणार नाही यासाठी हे सगळं.’

त्यांनी मान हलवली. त्यांच्या लेखी एवढं दिवसभराच्या धावपळीच्या मानाने थोडं असेल, पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही.

मुलाने मोबाइल पुढे केला. दुसऱ्या एका कंपनीचा अर्ज भरायचा होता, उद्या मुदत. आधीच्या नोकऱ्यांच्या रकान्यात त्याने या वेळी जिनिंगचं नाव घातलं होतं, महिन्यांसकट. त्याखालचा रकाना रिकामा: मागची नोकरी सोडण्याचं कारण. मित्रांनी त्याला ‘वैयक्तिक कारण’ टाकायला सांगितलं होतं. आम्ही दोघांनी मिळून वाक्य लिहिलं: प्रोबेशनमध्ये सेवा समाप्त, पार्श्वभूमी तपासणीतल्या तीन नोंदींवर लेखी हरकत घेतली आहे, पुरावे जोडले आहेत.

‘एवढं लांब मावत नाही ताई,’ तो म्हणाला.

‘पुरावे जोडल्याचं जोडपत्रात लिही. पहिला भाग काढू नकोस.’

त्याने तसं केलं, बोनाफाईड, दाखला आणि पासबुक जोडलं आणि अर्ज पाठवला. मग दोघं मोटारसायकलवरून बेल्याकडे निघाले. सकाळी वेचणीला मजूर येणार होते.